हवामानबदल : आपण घाबरणाऱ्यांत की घाबरवणाऱ्यांत?

बाल्कनीतून :

नमस्कार. गेल्या रविवारी जेवताना माझ्या मुलाशी वाद झाला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही बाणेरला मोठे घर बघत आहोत आणि कर्ज वीस वर्षांचे आहे. मी हप्त्यांचे गणित सांगत असताना तो म्हणाला, "बाबा, वीस वर्षांनी पुण्याला पुरेल इतके पाणी खडकवासला धरणात असेल, हे तुम्ही धरूनच चालला आहात." मी वडिलांकडून ऐकलेला १९७२ चा दुष्काळ बाहेर काढला : सुकडी, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, खडी फोडायला गेलेली माणसे, आणि तरीही सगळे तगले, वगैरे. त्याने शांतपणे ताट उचलले, "तेव्हा दुष्काळ सरला की नेहमीचे दिवस परत येणार होते," एवढे म्हटले आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाच विषय पोळ्यांना येणाऱ्या मावशींपाशी सहज काढला. त्या मुठेकाठच्या वस्तीत राहतात. त्यांच्या घरात माळ्याखालच्या खिळ्याला एक जाड प्लास्टिकची पिशवी कायम टांगलेली असते. तिच्यात रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डे, गॅसचे पुस्तक आणि मुलीचा दहावीचा निकाल असतो. "धरणातनं पाणी सोडलं म्हणून भोंग्याची गाडी ओरडत गेली, की आधी पिशवी काढायची, मग पोरं, मग टीव्ही," असे त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. पिशवीचा नंबर पोरांच्या आधी का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

मुलाची भीती मोबाईलमधून आलेली आहे आणि मावशींची नदीतून. मी दोघांच्या मध्ये सातव्या मजल्यावर उभा आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन कमी आहे, त्यामुळे जगाच्या पंक्तीत आपण सोसणारे ठरतो, हे मी अनेकदा वाचले आहे. पण माझ्या घरापुरते पाहिले तर मीही सोसणारा आहे का? आपण, म्हणजे पुण्यातला नोकरदार वर्ग, या सगळ्यात नेमके कुठे बसतो, आणि मुलाला खोटा धीर न देता काय सांगता येईल, याविषयी जाणकारांनी लिहावे.


निवृत्त_मास्तर :

दोन वेगळे हिशेब आहेत आणि आपल्याला सोयीचा असेल तो हिशेब आपण पुढे करतो.

देशादेशांमधला हिशेब सरळ आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून भारतात दर वर्षी माणशी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आहे आणि अमेरिकेची चौदा टनांच्या घरात. शिवाय हा वायू हवेत शतकानुशतके टिकत असल्याने आजवरची बेरीज पाहावी लागते, आणि औद्योगिक क्रांतीपासूनच्या बेरजेत एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास एक चतुर्थांश भरतो. २०२२ मध्ये पाकिस्तानात आलेल्या पुराचा तीन कोटींहून अधिक लोकांना फटका बसला आणि सतराशेहून अधिक माणसे गेली. जगाच्या वार्षिक उत्सर्जनात त्या देशाचा वाटा एक टक्काही नाही. इथवर आपली बाजू भक्कम आहे, आणि परिषदांमध्ये ती भारताने जोरात मांडलीच पाहिजे.

अडचण 'दरडोई' या शब्दात आहे, कारण त्या एका शब्दाच्या आड फार डोकी लपतात. याच शहरात, गोखले संस्थेत, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्याचा अभ्यास केला. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी राष्ट्रीय सरासरीवर समाधान मानले नाही. दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, अशी रेघ ओढून देशाकडे पाहिले. हवेच्या बाबतीतही तशीच रेघ ओढावी लागेल. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांच्या वाट्याचे उत्सर्जन १६ टक्के होते, म्हणजे सर्वांत गरीब दोन तृतीयांश माणसांच्या एकत्रित उत्सर्जनाइतके. आणि विषमता फक्त देशादेशांमध्येच आहे असेही नाही : २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा जात होता, असा जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता माझ्या घराचे सांगतो. दुसऱ्याच्या घराचे मांडण्यापेक्षा ते बरे. आम्ही नवरा-बायको दोघेच. महिन्याला २५० युनिट वीज लागते, म्हणजे वर्षाला ३०००. आपली बहुतेक वीज कोळशाची असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. ते झाले २.१ टन. गाडीला वर्षाला ४०० लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे आणखी ०.९ टन. सात गॅस सिलिंडरांचे ०.३ टन. एकूण ३.३, म्हणजे माणशी १.६५ टन. इथवर मी बिलांच्या चळतीसमोर समाधानाने बसलो होतो. मग आठवले की गेल्या मे महिन्यात आम्ही नातवाला भेटायला अमेरिकेला जाऊन आलो. त्या जाण्या-येण्याचे माणशी दोन टनांच्या आसपास होतात. सरासरी भारतीय माणसाच्या नावावर वर्षभरात जेवढे मांडले जाते, तेवढे मी दोन विमानप्रवासांत खिडकीतून ढग बघत संपवले. सिमेंट, कपडे, दूध, औषधे यांचा हिशेब मी अजून धरलेलाच नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की पासपोर्ट दाखवताना आपण सोसणाऱ्यांत असतो आणि विजेचे बिल दाखवताना तसे नसतो.


सदाशिव_तीस :

मास्तरांविषयी आदर राखून लिहितो. निवृत्त माणसाने नातवाचे तोंड पाहायला जाण्याचीही आता शरम बाळगायची, असा या हिशेबाचा अर्थ होतो. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी हवामानाविषयीच्या पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. हवेतला सर्वांत मोठा वाटा ज्यांचा, ते असे हात झटकून मोकळे होणार आणि आम्ही गिझर बंद करून प्रायश्चित्त घेणार, हा न्याय मला समजत नाही.

राहिली अस्थिर जगाची भीती. जग स्थिर कधी होते? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, पुढे भाव कोसळले, कर्जे अंगावर राहिली आणि १२ मे १८७५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटले तेव्हा नारायण पेठेतल्या आजोळी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले होते, याची खूण आजी मरेपर्यंत दाखवत असे. पुणे पुन्हा उभे राहिले की नाही? आपल्या चिरंजीवांना एवढे सांगावे आणि घराचा व्यवहार उरकून घ्यावा. बाणेरचे भाव हवामानासाठी थांबत नाहीत.


पात्रालगत :

मी सिंहगड रस्त्यालगत, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. पानशेतची आठवण सांगणाऱ्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की पानशेत एकदा फुटले. आमच्याकडे आता दर जुलैत सोसायटीच्या गटावर "किती क्युसेक?" म्हणजे धरणातून सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले, एवढाच प्रश्न असतो. दहा वर्षांपूर्वी क्युसेक हा शब्द माहीत नसलेल्या काकू आता आकडा वाचून गाडी वर न्यायची की नाही ते ठरवतात.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पाणी वाहनतळात शिरले तेव्हा मी खाली होतो. आधी वास आला, डिझेलचा आणि गटाराचा एकत्र. मग सायकली हलायला लागल्या. मग वीज गेली. माझी गाडी बुडाली. तिचा विमा होता, दोन महिन्यांत पैसे मिळाले. आमच्या रखवालदाराचे कुटुंब जिन्याखालच्या खोलीत राहत असे. त्यांच्या गाद्या, तांदळाची कोठी आणि मुलीची नवी कोरी पुस्तके यांचा विमा कोण उतरवणार? पंचनाम्याला आलेल्या माणसाने पत्त्याचा पुरावा मागितला, आणि जिन्याखालच्या खोलीला पत्ता नव्हता. सोसायटीने वर्गणी काढली, तीही नंतर.

त्यानंतरची सर्वसाधारण सभा मला पुरापेक्षा जास्त आठवते. नदीच्या बाजूची भिंत चार फूट उंच करावी, असा ठराव आला. एका निवृत्त अभियंत्याने विचारले, "आपल्याकडे न आलेले पाणी जाणार कुठे?" उत्तर सगळ्यांना माहीत होते, कारण भिंतीपलीकडे पत्र्याची साठ-सत्तर घरे आहेत. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला, "त्यांच्या अतिक्रमणामुळेच तर पाणी इकडे येतं." ठराव बहुमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो; दुसऱ्यांदा गाडी बुडवण्याची माझी तयारी नव्हती.

सदाशिव_तीस यांनी उल्लेखिलेल्या अस्थिरतेत आणि आताच्या अस्थिरतेत एक फरक आहे आणि तो आपल्याच गावात, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोजला गेला आहे. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वाढीव बाष्प आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. म्हणजे एकूण पाऊस फारसा न वाढताही तो मोजक्या तासांत ओतला जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याला जो पूर आला त्यासाठी कोणतेही धरण फुटावे लागले नाही. एका रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक माणसे नेली. ओढा अरुंद करण्यात शहराचा हात होता, हेही खरे.


पुरंदरकर :

सुपे आमच्या गावापासून लांब नाही, म्हणून त्या दंग्याविषयी थोडे लिहितो. सदाशिव_तीस यांनी कारणे बरोबर सांगितली. जमावाचा मुख्य रोख कर्जाच्या कागदांवर होता. सावकारांच्या घरांतली खते आणि रोखे बाहेर काढून जाळण्यात आले. शेतकऱ्याला बुडवणाऱ्या गोष्टींपैकी एक अमेरिकेत घडली होती आणि दुसरी, म्हणजे वाढवलेला शेतसारा, सरकारी कचेरीत. ती दोन्ही ठिकाणे त्याच्या हाताबाहेर होती; सावकाराचा वाडा तेवढा गल्लीत होता. पात्रालगत यांच्या सभेतला मागून आलेला आवाज मला त्याच जातीचा वाटतो. संकट लांबून येते आणि राग जवळच्यावर निघतो. आता तो वर न निघता खाली निघतो, हे अधिक वाईट.

आणि "पुणे उभे राहिलेच की" या वाक्यात मेलेली माणसे मोजलेली नसतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळामागे पॅसिफिक महासागरातला तीव्र एल निनो, म्हणजे तिथले पाणी तापून पावसाची घडी विस्कटणे, होता. त्याच सुमारास चीन आणि ब्राझीलमध्येही उपासमार झाली. पाऊस न पडणे कोणाच्या हाती नव्हते. पण दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणणे रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती होते, आणि त्यांनी तसे केले. त्याविरुद्ध आवाज उठवला तो पुणे सार्वजनिक सभेने. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने आणि तिच्या 'सार्वजनिक काकां'नी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे निवेदने ठेवली. पेठांतले लोक होते ते. त्यांची स्वतःची चूल विझलेली नव्हती.

मूळ प्रश्नकर्त्यांनी मुलाला सांगण्याजोगे काही मागितले आहे. त्यांनी स्वतःची पगाराची पावती काढावी. तिच्यावर 'व्यवसाय कर' या नावाने दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि तो रोजगार हमीसाठी होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला ही कल्पना करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देण्यासाठी पैसा कोठून आणायचा, तर शहरातल्या पगारदारांकडून आणि व्यावसायिकांकडून कर घ्यायचा आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. ज्यांच्या नळाला पाणी होते त्यांनी, ज्यांची विहीर आटली त्यांच्यासाठी पैसे द्यायचे, आणि दान म्हणून न देता कायद्याने द्यायचे. माझे वडील त्या कामावर मुकादम होते. आमच्या गावचा पाझर तलाव त्यातूनच झाला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मूळ इथेच होते.

जगाला असला कर बसवता आलेला नाही, हीच खरी रड आहे. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी सांगितले, की २०२० पर्यंत गरीब देशांना दर वर्षी १०० अब्ज डॉलर मिळू लागतील. तो आकडा त्यांनी गाठला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपाने होता. म्हणजे ज्याचे घर वाहून गेले त्यालाच हप्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली होती; श्रीमंतांनी कबूल केले ते २०३५ पर्यंत ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच, सभागृहात, त्याला आक्षेप घेतला. मला तो आक्षेप योग्य वाटतो. मात्र तो घेताना आपल्या घरच्या कराकडेही पाहायला हवे. राज्यघटनेनुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. तेव्हाच्या २५०० रुपयांत काय येत होते आणि आज काय येते, हे बाणेरला घर बघणाऱ्यांना सांगायला नको.


वर्गातून :

मी महाविद्यालयात शिकवते. बाकीचे सर्वांनी लिहिले आहेच. मुलाच्या भीतीपुरते बोलते. अशी भीती ही खाऊन-पिऊन सुखी मुलांची चैन आहे, असे आमच्या शिक्षक-खोलीतही बोलले जाते. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. हवामानबदलाची खूप किंवा अत्यंत काळजी वाटते, असे ५९ टक्क्यांनी सांगितले, आणि हे प्रमाण फिनलंड किंवा अमेरिकेपेक्षा फिलिपिन्स, भारत आणि ब्राझीलमध्ये जास्त होते. आपल्याला मोठ्यांनी वाऱ्यावर सोडले, ही भावना त्या उत्तरांत वारंवार आली.

माझा अनुभव असा आहे, की या मुलांना "काही होत नाही" हे वाक्य सर्वांत जास्त झोंबते. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "मॅडम, तुम्हाला भीती वाटते का?" मी "वाटते" म्हटले. त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही, पण वही काढून लिहायला लागली. आपण मुलाला १९७२ सांगितले, ते वाईट नाही. फक्त "तगले" इथे न थांबता, ते कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या कष्टाने तगले, हे पुरंदरकरांनी लिहिले आहे तसे सांगावे.


बाल्कनीतून :

सर्वांचे आभार. सदाशिव_तीस यांचेही, कारण त्यांच्याशी मी निम्म्याहून अधिक सहमत होतो, पात्रालगत यांची भिंत वाचेपर्यंत.

मुलाला हे सगळे वाचायला दिले. त्याने मास्तरांच्या पद्धतीने आमच्या घराचा हिशेब मांडला. त्यात त्याची स्वतःची दुचाकी आणि रात्रभर चालणारा एसी धरायला तो आधी विसरला होता, ते त्याच्या बहिणीने दाखवून दिले. व्यवसाय कर म्हणजे काय, हे मला वीस वर्षे पगार घेऊनही माहीत नव्हते. घराचे अजून ठरलेले नाही. परवा दुसरी इमारत पाहायला गेलो तेव्हा मुलाने विक्री करणाऱ्या माणसाला आवाराच्या भिंतीपलीकडे काय आहे ते विचारले आणि तो माणूस क्लबहाऊस दाखवायला घेऊन गेला.

एक गोष्ट मात्र फसली. मावशींना मी म्हटले, की पावसाळाभर ती कागदांची पिशवी आमच्याकडे ठेवा, सातव्या मजल्यावर पाणी येणार नाही. त्या हसल्या आणि हात धुऊन पदराला पुसत म्हणाल्या, "दादा, शाळेत गोळा केलं की तिथं जेवण द्यायच्या आधी कार्ड बघतात. रात्री दोनला तुमच्या गेटवरचा माणूस मला वर सोडंल का?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.